पीक गेलेल्या वर्षी उपकारस्तुती कशी करावी?

प्रश्न : २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दुष्काळातून प्रभूने आमचे कुटुंब तारले, म्हणून मी दरवर्षी चर्चमध्ये हंगामाच्या, म्हणजे पिकाबद्दल आभार मानण्याच्या, उपासनेत उभा राहून साक्ष देतो, देवाचे उपकार सर्वांसमोर सांगतो. यंदा अतिवृष्टीने सोयाबीन शेतातच कुजले आणि सोसायटीचे कर्ज तसेच आहे. अशा वेळी जुन्या उपकारांची स्तुती करणे ढोंग ठरणार नाही का? आणि अर्पणाला न्यावे तरी काय?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : जुनी साक्ष सांगून यंदाचे नुकसान झाकून ठेवलेत, तरच ते ढोंग ठरेल. बायबलमधील चाळिसावे स्तोत्र या दृष्टीने सावकाश वाचावे. त्याच्या पूर्वार्धात स्तोत्रकर्ता चिखलातून वर काढून खडकावर उभे केल्याबद्दल देवाची स्तुती करतो आणि ही गोष्ट आपण भरल्या मंडळीत बोलून दाखवली, मनात दडवून ठेवली नाही, असेही सांगतो. परंतु बाराव्या वचनापासून तोच माणूस असंख्य संकटांनी घेरल्याचे सांगून साहाय्याला त्वरा करण्याची विनवणी करतो. मागची सुटका हाच त्याच्या आजच्या मागण्याचा आधार आहे. आपल्या सभांना मात्र गोड शेवटाच्याच साक्षी ऐकण्याची सवय लागली आहे, त्यामुळे स्तोत्राचा हा उत्तरार्ध बहुधा वाचलाच जात नाही.

शमुवेल संदेष्ट्याने परमेश्वराच्या साहाय्याची खूण म्हणून जी शिला उभी केली, तिला त्याने एबन-एजर हे नाव दिले. बायबलमधील ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात हेच नाव त्याआधीच्या पराभवाच्या प्रसंगी येते : इस्राएलाचा तळ एबन-एजरजवळ असताना पलिष्ट्यांनी त्यांना दोनदा हरवले, दुसऱ्या लढाईत तीस हजार पायदळ पडले आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटीही शत्रूच्या हाती गेला. उपकार आठवायचे म्हणून पराभव विसरावा लागतो, असे शमुवेलाला वाटलेले दिसत नाही.

म्हणून आपण साक्ष अवश्य द्यावी, पण ती तपशिलाने द्यावी. त्या वर्षी कोणाच्या बोअरचे पाणी मिळाले, कडबा कोणी दिला, हे नावानिशी सांगावे. माणसांचे आभार मानल्याने देवाचे गौरव उणे होत नाही. मग त्याच दमात यंदाची हानी आणि कर्ज सांगून मंडळीकडे प्रार्थना मागावी. एक वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे : ‘आम्ही विश्वास ठेवला म्हणून तरलो.’ त्याच दुष्काळात विश्वासणाऱ्यांनीही दावणीची जनावरे बाजारात नेली, आणि त्यांच्यापैकी कोणी आपल्या मागच्याच बाकावर बसलेले असेल.

अर्पणाची काळजी करू नये. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रत्येकाने आपल्याला मिळालेल्या आशीर्वादाच्या मानाने द्यावे, असे सांगितले आहे. अर्पणांच्या लिलावात चारचौघांसारखे दिसावे म्हणून उसनवारीचे पोते नेण्यापेक्षा परसातली भाजी न्यावी, आणि तीही नसेल तर साक्ष देऊन खाली बसावे.