सोप्रानो सॅक्सोफोन जुना घ्यावा की नवा?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. ब्यूशर या अमेरिकन कंपनीचा ट्रू टोन सोप्रानो आहे, 1920 च्या दशकातला, चांदीचा मुलामा जागोजागी काळवंडलेला. देखणा आहे, यात वाद नाही. नव्या यामाहाच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतोय म्हणतेस, आणि तुझा जीव त्याच्यात अडकलाय हेही कळतंय. तरी माझं ऐकशील तर पहिला सोप्रानो नवा घे. नुसतं ‘नको’ म्हटल्याने तुझं समाधान होणार नाही, म्हणून कारणं लिहितो.

तुझा हात आल्टो सॅक्सवर बसलाय, पण सोप्रानो म्हणजे धाकटा आल्टो नव्हे. तो आल्टोहून मोठ्या टेनर सॅक्सच्या बरोब्बर एक सप्तक वर बोलतो, म्हणजे त्याची नळी टेनरच्या निम्मी. माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, एक मिलिमीटर मागेपुढे झाला, ओठ जरासा जास्त आवळला, नळीवरचं भोक झाकणारं एखादं पॅड केसभर उघडं राहिलं, तर मोठ्या सॅक्सवर जे खपून जातं ते इथे लगेच कानाला टोचतं. नेहमीच्या सॅक्समध्ये सुरात राहायला हा सर्वांत कठीण.

तुझ्याच रियाजाचं उदाहरण घे. तू तानपुरा पांढरी एकमध्ये लावतेस. पांढरी एक म्हणजे सी. सोप्रानो बी फ्लॅटचा, म्हणजे त्यावर सी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येतो, त्यामुळे तुझा सा येतो सॅक्सवरच्या डी वर. मधल्या सप्तकातला हा डी म्हणजे सहाही बोटं मिटलेली आणि सूर सप्तकभर वर नेणारी ऑक्टेव्ह की (कळ) दाबलेली. त्याच्या लगेच खालचा शुद्ध नी म्हणजे सी शार्प, सगळी बोटं उघडी. नीवरून सावर येणं ही गाण्यातली केवढी नाजूक जागा, आणि नेमकी तिथेच उघडी नळी एका क्षणात मिटवायची. उघड्या सी शार्पचा आवाज पातळ, मिटलेल्या डीचा भरीव, शिवाय डीला चढं बोलायची खोड असते. नव्या वाद्यातही हा सांधा असतोच, पण तो ओठांनी सांभाळता येतो. जुन्यात पॅड दमलेली, कीजची उंची कुणीतरी अंदाजाने बदललेली. मग चूक तुझी की वाद्याची, हेच कळेनासं होतं. शिकण्याच्या वयात याहून वाईट काही नाही, कारण कान हळूहळू वाद्याच्या चुकीला सूर मानायला लागतो.

आता तार सप्तक. त्या काळातले कितीतरी सोप्रानो वरच्या ई फ्लॅटपर्यंतच जातात. तुला तार सा मिळेल, कोमल रे मिळेल, शुद्ध रे मिळणार नाही. फोटोत डाव्या तळव्याजवळच्या कीज मी पुन्हा पुन्हा पाहिल्या, एफची की मला दिसली नाही. आजचे बहुतेक सोप्रानो एफ शार्पपर्यंत जातात, काही जीपर्यंतही. म्हणजे तार ग हमखास, क्वचित मसुद्धा. भूप वाजवणाऱ्या मुलीला हा फरक लहान नाही.

आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय त्या माणसाला एक रुपयाही देऊ नकोस. सीरियल नंबरच्या आसपास ‘एल’, ‘एच’ किंवा ‘लो पिच’, ‘हाय पिच’ अशी छाप असेल. त्या काळी अमेरिकेत दोन पट्ट्यांत वाद्यं बनत. लो पिच म्हणजे आजचा 440 हर्ट्झचा ए, हाय पिच म्हणजे सुमारे 457. फरक जवळजवळ दोन तृतीयांश सेमीटोनचा. विकणारे सांगतात, ‘माउथपीस थोडा बाहेर ओढा, जमेल.’ जमत नाही. माउथपीस ओढला की आखूड नळीचे सूर जास्त उतरतात, लांब नळीचे कमी, आणि अख्खं सप्तक वाकडं होतं. हाय पिचचा सोप्रानो भिंतीवर टांगायला ठीक.

जुन्या वाद्याचा आवाज गोड, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण त्या गोडव्यातला मोठा वाटा माउथपीसचा. सॅक्सची नळी शंकूची, आणि शंकूचं कापलेलं टोक माउथपीसच्या आतल्या पोकळीने भरून निघावं लागतं. जुन्या ब्यूशरला गोल, मोठ्या पोकळीचा माउथपीस हवा. तुझ्या मनातला तो अरुंद, झगझगीत आवाजाचा माउथपीस त्यावर लावलास तर वरचे सूर हाताबाहेर जातील. उलट नव्या सॅक्सवर मोठ्या पोकळीचा माउथपीस लावून पाहा, तुला हवी ती ऊब बरीचशी तिथेच सापडेल. वेन शॉर्टरसारख्या नामवंत जाझ वादकाने वर्षानुवर्षं यामाहाचा सोप्रानो वाजवला. त्याच्या आवाजात कुणाला काही कमी वाटलं का?

तू राहतेस कोकणात, तेव्हा पावसाळ्याचंही सांगतो. चामड्याची पॅड दमट हवेत फुगतात आणि चिकटतात, पोलादी सुईसारख्या स्प्रिंगा गंजतात. पहिलं चिकटतं ते जी शार्पचं पॅड, कारण ते एरवी मिटलेलंच असतं. तुझ्या पट्टीत जी शार्प म्हणजे तीव्र म. यमन सुरू केलास आणि तीव्र म बोललाच नाही, असं होईल. पॅडखाली पातळ कागद धरून हळूच दाबायचा, ओल टिपली जाते. हे नव्यालाही करावं लागतं. पण जुन्याची पॅड आणि स्प्रिंगा आधीच थकलेल्या असतील तर सगळा सॅक्स उघडून ओव्हरहॉल करावा लागतो, आणि सोप्रानोच्या बारीक पॅडवर नीट हात चालणारे कारागीर मुंबईतसुद्धा मोजकेच. त्या खर्चात स्वस्तातला ब्यूशर स्वस्त राहत नाही.

नवा म्हणजे कोराच हवा असं नाही. एकाच मालकाने जपून वापरलेला यामाहा किंवा यानागिसावा मिळाला तर आनंदाने घे. मात्र इंटरनेटवर मोबाइलच्या किमतीत मिळणारे बिननावाचे चकचकीत सोप्रानो टाळ. त्यांच्या कीज मऊ धातूच्या असतात, वाकतात. सरळ घ्यावा की वाकडा, हा प्रश्न मी फार मोठा मानत नाही. हातात धरून बरं वाटेल तो घे.

जुन्यातला एकच मी वेगळा काढतो, सेल्मर या फ्रेंच कंपनीचा मार्क सिक्स. 1954 मध्ये निघालेलं हे घराणं. त्याचे सोप्रानो एकासारखा दुसरा नसतो, काही अप्रतिम, काही हट्टी. कधी समोर आला तर वाजवून पाहा, पण आणखी चार-पाच वर्षांनी, तुझा सूर पक्का झाल्यावर.

दुकानात जाशील तेव्हा स्वतःचा माउथपीस आणि ओळखीची रीड (माउथपीसवरची वेताची पट्टी) घेऊन जा. फोनवर पांढरी एकचा तानपुरा लाव. डोळे मिटून आधी मंद्र सा धर, मग मधला, मग तार. त्यानंतर नी-सा, नी-सा, सावकाश. ट्यूनर शेवटी बघ. सगळ्यात खालचा बी फ्लॅट हळू फुंकीने बोलतो का ते पाहा. अडखळला तर वर कुठेतरी गळती आहे, मग दुकानदाराला आत लीक लाइट (गळती दाखवणारा दिवा) सोडून दाखवायला सांग. दोन-तीन वाद्यं वाजवल्याशिवाय ठरवू नकोस, आणि त्याच दिवशी पैसे देण्याची घाई करू नकोस.

तुझा,
काका