पहिल्या पगाराचं काय करू, असं विचारलंस म्हणून

आधी शेअर नको. सहा महिन्यांचा घरखर्च निघेल एवढी रक्कम बँकेत बाजूला ठेव आणि तिला हात लावू नकोस. माझ्या वडिलांनी अर्धा टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. ते अडकले आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी आम्हाला उसनवारी करावी लागली. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्यासुद्धा, ठेवीदारामागे व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला कळकळीने सांगतोय.

दुसरं म्हणजे, घरातले मोठे 'पीपीएफमध्ये (सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत योजनेत) टाक, सहा वर्षांत दुप्पट' म्हणतील. त्यांचं खोटं नाही. 1986 पासून जानेवारी 2000 पर्यंत पीपीएफवर 12 टक्के व्याज होतं. एप्रिल 2020 मध्ये ते 7.1 टक्क्यांवर आलं. 72 ला व्याजदराने भाग, म्हणजे पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं: तेव्हा सहा, या दराने दहा. तरी खातं उघडच. फक्त महिन्याच्या 5 तारखेच्या आत पैसे भर, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं.

पंधरा वर्षं हात लावायचे नाहीत अशाच पैशांची इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, एसआयपी कर, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाक; तीही डायरेक्ट प्लॅनमध्ये, मधल्या एजंटाशिवाय.

आणि हो, दिवाळीला घरी जायचं तिकीट काटकसरीत धरू नकोस. मी धरलं होतं, सलग चार वर्षं.