दोन दिवस बाहेरगावी जायचंय, पाळलेला व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) एकटा राहील का?

प्रौढ आणि ठणठणीत असेल तर शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ चालून जातं. सहा महिन्यांखालचं पिल्लू किंवा अंड्यावर आलेली मादी मात्र एकटी ठेवू नका.

खाण्याची चिंता नको, खरा प्रश्न पाण्याचा. हा प्राणी वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखतच नाही, पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. म्हणून टायमरवर चालणारा मिस्टर (पाण्याचा बारीक फवारा मारणारं यंत्र) लावा: पहाटे आणि रात्री दोन-दोन मिनिटं. टाकीत आरओचं पाणी भरा, साध्या पाण्याच्या क्षारांनी नोझल तुंबतात. खालची निचऱ्याची बादली रिकामी करून जा, नाहीतर घरभर पाणी!

यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा आणि उष्णतेचा दिवा बारा तास टायमरवर, बसायच्या फांदीवर २९-३० अंश सेल्सिअस. ही सगळी व्यवस्था निघायच्या तीन दिवस आधीच चालू करून बघा. बिघाड बहुधा पहिल्या दिवशीच कळतो.

निघताना जादा रातकिडे सोडायचा मोह टाळा. उरलेले किडे रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावतात.

(भारतातला रानटी शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळताच येत नाही.)