वाचकांचे प्रश्न: पांढरीचं टेकाड, जळकं धान्य आणि खपली

प्रश्न: आमची वडिलोपार्जित शेती श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी आहे. गव्हाच्या रानाला लागून पांढरीचं टेकाड आहे, नांगराला रंगीत खापरं लागतात. वाटेकरी म्हणतो, जेसीबी लावून सपाट करू आणि माती रानात पसरू. काय करावं? (वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: जेसीबी लावू देऊ नका. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवरची, माती पिकाला मानवते हे खरं, कारण तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि हाडं मुरलेली असतात. याच लोभापायी राज्यातली कितीतरी टेकाडं गाड्या भरभरून शेतात गेली. कस शेणखतानेही वाढतो. मोडलेले थर मात्र पुन्हा लावता येत नाहीत. कुठल्या थरात काय होतं हे कळलं तरच त्या वस्तूचा काळ ठरतो. तुमच्याच तालुक्यात दायमाबादला १९७४ साली झुडपाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ब्राँझची चार शिल्पं निघाली. वजन मिळून साठ किलोंच्या वर!

खापर तांबूस-नारिंगी, त्यावर काळ्या रेघा आणि टिचकी मारली की खणखणीत वाजणारं असेल, तर ते जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे आपल्याकडच्या तांब्या-दगडाच्या काळातल्या शेतकरी वस्त्यांचं, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचं असू शकतं. नांगराने वर आलेलं तेवढंच उचला. आधी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. गट नंबर, बांधापासूनचं अंतर आणि खोली लिहून ठेवा. मग सावलीत वाळवून कागदी पिशवीत भरा. ओलं खापर प्लास्टिकमध्ये कोंडलं की बुरशी धरते. खापरावरचा पांढरा थर काढायला ॲसिड तर मुळीच नको. खापरातला चुना विरघळतो आणि रंगही सुटतो. तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी दिसली तर हात लावू नका. त्या काळी लहान मुलांना अशा मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत.

जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्या पत्राची प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयालाही पाठवा.

प्रश्न: इतकी वर्षं जमिनीत धान्य टिकतं कसं? (वाचक, ऐरोली)

उत्तर: जळल्यामुळे. चुलीत किंवा आगीत अर्धवट जळलेल्या दाण्याचा कोळसा होतो, आणि कोळसा कुजत नाही. उत्खननातली माती पाण्यात ढवळली की हे दाणे तरंगतात. ते बारीक चाळणीवर धरून सावलीत वाळवतात. उन्हात भराभर वाळवले तर तडकतात, कापसात ठेवले तर तंतू चिकटून मोडतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावला, जोर्वे काळातल्याच एका वस्तीत, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तिथे जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. पाणी वळवण्यासाठी काढलेला पाटही सापडला. इ.स.पू. १००० नंतर पाऊसमान घटलं तसा गहू मागे पडला. पाण्यावाचून त्याचं भागत नाही.

प्रश्न: गावाहून टरफलासकट खपली गहू आला आहे. सडायचा (कांडून टरफल काढायचा) कसा, साठवायचा कसा? (वाचक, नेरूळ)

उत्तर: नुसत्या मळणीने खपलीचं टरफल सुटत नाही, कांडावंच लागतं. पाण्याचा हलका हबका मारून अर्धा तास झाकून ठेवा, मग उखळात हलक्या हाताने कांडा, वाळवा, पाखडा. पाणी जास्त झालं की दाणा चेपतो, कोरडाच कांडला की कणी होते. साधारण पाव भाग टरफलात जातो हे धरून चाला. आपल्याकडच्या दमट हवेत सडलेल्या दाण्याला सोंडे लवकर लागतात, म्हणून महिन्याला लागेल तेवढंच सडा; बाकीचं कडक उन्हात वाळवून टरफलासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ग्लुटेन खपलीतही असतं. सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा आजार, असलेल्यांनी ती खाऊ नये, विकणारा काहीही सांगो.