वाचक विचारतात : फिकट हिरव्यांची झाडाझडती

प्रश्न : माझ्या संग्रहात फिकट हिरव्या नेलपॉलिशच्या अकरा बाटल्या झाल्या आहेत. त्यातल्या चार तर जुळ्या वाटतात. खरोखर एकच छटा कोणत्या बाटल्यांत आहे, हे कसं ठरवायचं?

उत्तर : बाटल्या शेजारी ठेवून ठरवू नका. काचेआड रंगाचा जाड थर असतो, नखावर त्याचा पापुद्रा बसतो. शिवाय वाळल्यावर छटा थोडी बदलते.

आधी ढोबळ वाटणी करा. बाटल्या पांढऱ्या कागदावर ठेवल्या की कोणती निळ्याकडे झुकते, कोणती पिवळ्याकडे आणि कोणती राखाडीकडे, हे पटकन कळतं. नावावर जाऊ नका. इसी या ब्रँडची ‘मिंट कँडी ॲपल’ चांगलीच निळसर आहे, त्यांचीच ‘नॅव्हिगेट हर’ (२०१२) सरळ पिस्ता. ओपीआय या दुसऱ्या ब्रँडची ‘मर्मेड्स टिअर्स’ (२०११) धुरकट. या तिघींत गफलत होणार नाही. डोकेदुखी असते ती एकाच गटातल्या दोघींची.

त्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची नकली नखं घ्या. एकाच नखाच्या डाव्या अर्ध्यावर एक आणि उजव्या अर्ध्यावर दुसरी छटा लावा, मध्ये फट न ठेवता. दोन्हींचे कोट सारखेच हवेत. दोन पातळ कोट द्या, मध्ये दहा मिनिटं थांबा आणि निकाल दुसऱ्या दिवशी बघा. मधली शिवण दिसेनाशी झाली तर छटा एकच समजा. पण हे खिडकीच्या उजेडातही बघा आणि पिवळ्या दिव्याखालीही. वेगवेगळी रंगद्रव्यं वापरून केलेले दोन हिरवे दिवसा तंतोतंत जुळतात आणि रात्री वेगळे पडतात. असे दोन्ही मी तरी ठेवून घेईन.

आता नख काळी रेघ मारलेल्या कागदावर ठेवा. रेघ किती कोटांत झाकली जाते, ते मोजा. एकीला दोन आणि दुसरीला चार कोट लागत असतील, तर रंग जुळला तरी माल वेगळा आहे.

लेबलावरच्या घटकांवर मात्र विसंबू नका. सीआय ७७८९१ (टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरं), सीआय ७७५१० (निळं), सीआय १९१४० (पिवळं) असे रंगद्रव्यांचे क्रमांक दिसतील. पण ‘असू शकतं’ या शीर्षकाखाली पुष्कळदा अख्ख्या मालिकेतली रंगद्रव्यं एकत्र छापलेली असतात.

प्रश्न : गडद रंग सरळ बसतात, फिकट हिरव्यात मात्र फराटे उठतात. हात वाईट की नेलपॉलिश?

उत्तर : बहुतेक वेळा दोन्ही नाही. या छटांत पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं. ते जड असल्यामुळे तळाशी बसतं. वरवर हलवलेल्या बाटलीतला पहिला थर पाणचट येतो आणि फराटे उठतात. बाटली जोरजोरात हलवू नका, बुडबुडे होतात. तळव्यांत धरून मिनिटभर लाटण्यासारखी फिरवा, तळाचा पांढरा थर नाहीसा होईपर्यंत.

मग ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाशी निपटा, दुसऱ्या बाजूला थेंब राहू द्या. थेंब नखाच्या मध्यावर टेकवून आधी त्वचेकडे न्या आणि तिथून टोकाकडे ओढा. तीन ओढींत नख झाकलं पाहिजे. पहिला कोट डागाळलेला दिसला तरी त्यावर पुन्हा ब्रश फिरवू नका. अर्धवट वाळलेला थर ब्रशला चिकटून येतो आणि टक्कल पडतं. ते दुसऱ्या कोटाने झाकायचं.

प्रश्न : फोटोत पुदिन्याचा रंग आकाशी का येतो?

उत्तर : कॅमेरा पांढरं म्हणजे काय, हे अंदाजाने ठरवतो आणि निळसर हिरव्यात तो अंदाज हमखास चुकतो. चौकटीत कोरा पांढरा कागद ठेवा आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून लावा. तुलनेच्या छटा एकाच फोटोत घ्या. दोन फोटोंतल्या रंगांची तुलना करणं व्यर्थ आहे.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी रंगवलेला नमुना आणि आजचा, बाटली एकच, पण जुना पिस्त्यासारखा दिसतो. घट्ट झालेल्या बाटलीचंही काय करू?

उत्तर : थर जुना होतो तसा पिवळा पडतो, त्यावरचा टॉपकोटही (वरून लावलेला पारदर्शक थर). निळसर पुदिन्यावर पिवळी झाक चढली की पिस्ता झालाच. म्हणून नमुन्यामागे तारीख लिहा, टॉपकोट अर्ध्याच भागावर लावा आणि तुलना एकाच दिवशी रंगवलेल्या नमुन्यांची करा. नमुने आणि बाटल्या उन्हापासून दूर, अंधारात ठेवा.

घट्ट बाटलीत नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब टाका, लाटण्यासारखी फिरवा, गरज वाटली तर आणखी एक. रिमूव्हर अजिबात नको. त्याने ती तात्पुरती पातळ होते, पण पोत बिघडतो आणि थर नीट बसत नाही. झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड पुसून घ्या, नाहीतर सुकलेल्या कडेतून हवा आत जाते आणि महिन्याभरात पुन्हा तेच.