घरी जुन्या पद्धतीचा साधा केक आणि ॲपल पाय शिकताना सुरुवात कोठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की, नवा ओटीजी (विजेचा लहान ओव्हन) घेतल्यापासून तीन वेळा केक केला आणि तिन्ही वेळा तो मध्यभागी बसला. क्रीम आणि आयसिंग यांची हौस नाही, लहानपणी चहाबरोबर मिळणारा लोण्याचा साधा केक आणि जमल्यास ॲपल पाय एवढेच शिकायचे आहे, परंतु प्रत्येक कृतीत वाटीचे माप निराळे असल्यामुळे विश्वास कोणावर ठेवावा ते कळत नाही. मी कोल्हापुरात राहते आणि गेली पंचवीस वर्षे हे दोन्ही पदार्थ घरी करते आहे. माझे पहिले उत्तर असे की, कोणत्याही कृतीवर विश्वास ठेवण्याआधी वजनकाटा घ्या.

माझ्या आईकडे वजने नव्हती. आजोबांचे किराणा दुकान बंद झाले तेव्हा पितळी पारड्यांची एक लहान तागडी तेवढी घरी आली होती. आई एका पारड्यात चार अंडी कवचासकट ठेवी आणि काटा सरळ होईपर्यंत दुसऱ्या पारड्यात साखर ओती. मग साखर काढून घेऊन त्याच अंड्यांच्या भाराइतके लोणी, आणि शेवटी तेवढाच मैदा. लोणी पारड्याला चिकटू नये म्हणून खाली केळीच्या पानाचा तुकडा असे, आणि न्यायाने तेवढाच तुकडा अंड्यांच्या पारड्यातही ठेवलेला असे. ग्रॅम, औंस, वाटी यांपैकी एकही शब्द न उच्चारता तिचा केक दर वेळी सारखाच होई. पुष्कळ वर्षांनी मला कळले की, इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून जो पाउंड केक केला जातो तो हाच: लोणी, साखर, अंडी आणि मैदा प्रत्येकी एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम. त्या काळी बेकिंग पावडर नव्हती. ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये तयार केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तोवर हा केक फुगे तो केवळ फेटून आत कोंडलेल्या हवेवर, आणि म्हणून जुन्या कृतींत मिश्रण तासभर फेटायला सांगितलेले आढळते.

तुमच्या ओटीजीसाठी तीन अंडी पुरेत. आपल्याकडचे अंडे कवचासह साधारण ५५ ग्रॅमचे असते. म्हणजे लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी १६५ ग्रॅम, बेकिंग पावडर एक सपाट चहाचा चमचा, व्हॅनिला किंवा जायफळ आवडीप्रमाणे, आणि भांडे सात इंचांचे. बाजारचे पिवळे बटर खारे असते, त्यामुळे वेगळे मीठ नको. वाटीने मोजणे येथे का फसते, तर चाळून भरलेला आणि दाबून भरलेला मैदा यांत एकाच वाटीला सहज वीस टक्क्यांचा फरक पडतो.

यापुढचे सारे यश एका क्रियेवर अवलंबून आहे आणि ती क्रिया तुम्ही नानखटाई करताना पाहिलेली असणार: फेसणे. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसताना ते पांढरे आणि हलके होत जाते, तेच येथे बटर आणि साखर यांचे व्हायचे आहे. साखरेचे कण बटरमध्ये घासले जाऊन बारीक बारीक हवेच्या पोकळ्या तयार करतात. ओव्हनमध्ये बेकिंग पावडरचा वायू आणि पाण्याची वाफ त्याच पोकळ्यांत शिरून त्यांना फुगवतात, नव्या पोकळ्या सहसा तयार होत नाहीत. म्हणून बारीक दाण्याची साखर घ्यावी आणि बटर बोटाने दाबल्यावर खळगा पडेल पण चकाकणार नाही इतपतच मऊ असावे. वितळलेल्या बटरमध्ये हवा टिकत नाही. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावर ठेवलेले बटर अर्ध्या तासात पातळ होऊ लागते, तेव्हा परात थंड पाण्याच्या ताटात ठेवून फेसावे. डिसेंबरात याच्या उलट, हाताची ऊब हवी असते. हाताने पंधरा मिनिटे आणि यंत्राने पाच मिनिटे लागतात. मूळचा पिवळा रंग जाऊन मिश्रण लोण्याच्या गोळ्यासारखे फिकट दिसले की थांबावे.

अंडी फ्रिजमधून काढून थेट घालू नयेत. थंड अंड्याने बटर पुन्हा घट्ट होते आणि मिश्रण फाटते. तसे झालेच तर चमचाभर मैदा घालून फेटावे, बहुतेक वेळा सावरते. मैदा मात्र शेवटी, आणि तो दिसेनासा होईपर्यंतच हलक्या हाताने कालवायचा. पोळीची कणीक मळून मळून तयार झालेल्या आपल्या हाताला हे कठीण जाते, कारण मळल्याने पोळीला जो ताण येतो तोच केकला रबर करून टाकतो.

घरचे पांढरे लोणी वापरू का, असेही तुम्ही विचारले आहे. आमच्याकडे म्हशीचे दूध भरपूर, त्यामुळे मोह मलाही होतो. लोण्यात ताक राहते. तीन-चार वेळा थंड पाण्याने धुऊन आणि दाबून पाणी काढल्यास केक उत्तम होतो, पण पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत बाजारचेच बटर वापरा, म्हणजे चूक नेमकी कोठे झाली ते कळेल.

आता केक बसण्याविषयी. तुम्ही वीस मिनिटांनी दार उघडून पाहिले असे लिहिले आहे, आणि बेकिंग पावडर ‘थोडी जास्तच’ घातली असेही लिहिले आहे. दोष या दोहोंत आहे. पावडर जास्त झाली की केक भराभर वर चढतो आणि आतला भाग धरण्यापूर्वीच त्याच्या पोकळ्या फुटतात. त्यात दार उघडून गार हवा आत गेली की उरलेले काम पूर्ण होते. ओव्हन पंधरा मिनिटे आधी तापवावा, खालच्या-वरच्या दोन्ही तापणाऱ्या कांड्या चालू ठेवून १७० अंशांवर केक मधल्या जाळीवर ठेवावा आणि पहिली पस्तीस मिनिटे दाराला हात लावू नये. लहान ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत पुष्कळ अंतर असू शकते. माझा पहिला ओव्हन वीस अंश अधिक तापत असे आणि ते मला आत ठेवायचा तापमापक घेईपर्यंत कळले नाही. पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांनी विणकामाची सुई खुपसून पाहाल तेव्हा कानही जवळ न्या. कच्चा केक बारीक चुरचुरत असतो; आवाज जवळजवळ थांबला की झाला असे समजावे. आई सुई वापरतच नसे.

(ओव्हन घेण्याआधी मी दिवाळीचे सामान भट्टीवर नेत असे. एका वर्षी आमचा पत्रा बदलला गेला आणि साजूक तुपाच्या नानखटाईऐवजी कोणाची तरी वनस्पती तुपाची घरी आली. ओव्हन त्याच महिन्यात घेतला.)

ओव्हन बिघडल्यास जाड ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर तिवई, घट्ट झाकण आणि मंद आच असे करता येते. कुकर कोरडा तापवणे मला पसंत नाही. बिनअंड्याचा केक हा निराळा पदार्थ आहे. त्यासाठी रवा आणि दही घ्यावे, या कृतीतून अंडी वजा करू नयेत.

हा केक दोन-तीनदा साधला की काकवीचा आल्याचा केक करून पाहा. इंग्रजी जिंजरब्रेडमध्ये उसाच्या रसाचा काळसर पाक असतो, आणि शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली तेव्हापासून ज्या शहराचा व्यापार गुळावर पोसला, तेथे तो पाक परदेशी डब्यातून आणणे मला शोभेसे वाटत नाही. हंगामात गुऱ्हाळावर काकवी मिळते. मैदा २०० ग्रॅम, काकवी १५०, बटर १००, साखर ५०, एक अंडे, अर्धी वाटी ताक, दोन चमचे सुंठ आणि एक सपाट चमचा खाण्याचा सोडा. येथे फेसणे नाही. बटर, साखर आणि काकवी एकत्र कोमट करून विरघळवावीत, निवल्यावर बाकीचे मिसळून १६५ अंशांवर चाळीस मिनिटे भाजावे. ताक आणि काकवी यांतील आंबटपणामुळे सोडा लगेच काम करू लागतो, म्हणून मिश्रण वाट पाहात ठेवू नये.

ॲपल पायकडे वळते. (‘आज पाय केला आहे’ असे मी प्रथम सांगितले तेव्हा घरचे लोक रस्सा आणि भाकरीच्या तयारीने बसले होते.) त्याचे आवरण म्हणजे उलट्या रीतीची करंजी होय. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो; येथे २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम अगदी थंड बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळहाताने नव्हे. मोहन पुरेसे झाल्याची मुटक्याची परीक्षा (मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका वळणे) येथेही लागू पडते, परंतु वाटाण्याएवढे काही खडे शिल्लक राहिले पाहिजेत. चिरोट्यात जे काम साटा (पोळ्यांमध्ये लावायचा तूप-पिठाचा लेप) करतो ते येथे हे खडे करतात: भट्टीत ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. तीन-चार चमचे बर्फाचे पाणी घालून गोळा न मळता केवळ जुळवावा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. सहाशे ग्रॅम सफरचंदाच्या फोडींना ८० ग्रॅम साखर, दालचिनी, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि एका लिंबाचा रस लावावा, कारण आपल्याकडची सफरचंदे बहुधा नुसती गोड असतात. खालच्या पोळीवर चमचाभर रवा भुरभुरला की सुटलेला रस तो शोषतो आणि तळ ओला राहत नाही. २०० अंशांवर वीस मिनिटे, मग १८० वर अर्धा तास. उन्हाळ्यात सफरचंदांऐवजी घट्ट शिजलेला गुळांबा भरून मी हाच पाय करते, आणि खरे सांगायचे तर मला तोच अधिक आवडतो.

शेवटचा तुमचा प्रश्न केकच्या माथ्यावरच्या भेगेचा. वरचा पापुद्रा आधी धरतो आणि आतले मिश्रण त्यानंतरही चढत राहते, त्यामुळे ती पडते; तो दोष नव्हे. केक पूर्ण निवू द्यावा, शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी कापावा, आणि सुरी त्या भेगेतूनच घालावी, म्हणजे वरचा भाग चुरत नाही.