फ्लूच्या अँटीबॉडीज पॉझिटिव्ह आल्या, तरी आईला यंदा लस द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहणाऱ्या तुमच्या आईला गेल्या जुलैत एच१एन१ (स्वाइन फ्लू) झाला, नंतर लॅबमध्ये 'आयजीजी पॉझिटिव्ह' आलं, म्हणजे संसर्गानंतर रक्तात टिकणाऱ्या अँटीबॉडीज सापडल्या, आणि आता घरचे म्हणताहेत लस कशाला. माझं उत्तर: जरूर द्या. वाशीतल्या एका प्रयोगशाळेत मी रक्ताचे नमुने तपासते. असे रिपोर्ट पाहून निर्धास्त झालेली माणसं भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या 'पॉझिटिव्ह'वरून अँटीबॉडीज विषाणूच्या कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहेत हे कळत नाही, आणि सगळं तिथंच अडतं. संसर्ग झाल्यावर शरीर न्यूक्लिओप्रोटीनविरुद्धही भरपूर अँटीबॉडीज बनवतं. पण ते प्रथिन विषाणूच्या पोटात, आरएनएला (विषाणूच्या जनुकीय द्रव्याला) लपेटून असतं. त्यामुळे बाहेरून आलेल्या अखंड विषाणूला त्या अडवू शकत नाहीत. फ्लू येऊन गेला, एवढीच त्यांची साक्ष.

खरी अडवणूक हिमॅग्लुटिनिनविरुद्धच्या अँटीबॉडीज करतात. याच प्रथिनाने विषाणू श्वासनलिकेतल्या पेशींना चिकटतो. त्याचा शेंडा झाकला गेला की चिकटणं थांबतं. ते मोजायची चाचणी जॉर्ज हर्स्ट यांच्या १९४१ मधल्या निरीक्षणावर उभी आहे: फ्लूच्या विषाणूमुळे तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, आणि योग्य अँटीबॉडीज असल्या तर होत नाहीत. रक्तद्रव ४० पट पातळ करूनही गुठळ्या झाल्या नाहीत, तर फ्लू होण्याचा धोका साधारण निम्मा धरतात. निम्मा, शून्य नव्हे! त्यातही वयस्करांच्या बाबतीत हा आकडा कमी भरवशाचा.

आणि नेमका हा शेंडाच सारखा बदलत राहतो. खालचा देठ फारसा बदलत नाही, पण त्याच्याविरुद्ध शरीर अँटीबॉडीज कमीच बनवतं. १९१८ च्या साथीतून वाचलेल्या काही जणांच्या रक्तात जवळपास ९० वर्षांनीही अँटीबॉडीज सापडल्या होत्या, पण त्या १९१८ च्याच विषाणूविरुद्धच्या. एच१एन१ होऊन गेला म्हणून एच३एन२ हा फ्लूचा दुसरा प्रकार अडेल असं नाही, आणि बी प्रकार तर आणखी निराळा.

आईच्या संसर्गाचा उपयोग काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूरामिनिडेज नावाचं आणखी एक प्रथिन आहे. नवे विषाणू पेशीतून सुटायला ते लागतं, आणि फ्लूवर देतात ती ऑसेल्टामिव्हिरची गोळी त्यालाच रोखते. त्याविरुद्धच्या अँटीबॉडीजनीही आजार सौम्य व्हायला मदत होते. नेहमीच्या लशीत प्रत्येक प्रकाराचं हिमॅग्लुटिनिन १५ मायक्रोग्रॅम असं मोजून घातलेलं असतं, न्यूरामिनिडेजचं प्रमाण तसं ठरलेलं नसतं. म्हणजे संसर्गातून मिळालेलं थोडं आईच्या गाठीशी आहे, लशीने त्यात यंदाच्या शेंड्यांविरुद्धच्या अँटीबॉडीजची भर पडेल.

आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो आणि लशीनंतर अँटीबॉडीज तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा मे महिन्यातच डॉक्टरांना विचारून लस घ्या. अँटीबॉडीची चाचणी पुन्हा करू नका, त्यावरून यातलं काही ठरत नाही.